जहाजाच्या आधीचा धडा

माझी मुलगी सहावीत असताना फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, तिच्या वर्गाच्या भिंतीवर तीन चेहरे लागले. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स आणि कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर आलेल्या व्हायोला डेझमंड. मार्च उजाडला तसे ते उतरले. त्या महिन्यात मुलांना एक वर्कशीट मिळाली होती, ती मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावरचं पहिलं चित्र गुलामांना नेणाऱ्या जहाजाचं. जहाजाच्या पोटात दाटीवाटीने, ओळीने आडवी झोपवलेली माणसं. वर शीर्षक होतं, 'सुरुवात'. मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे आईवडील घानातून आलेले. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, तिने ती शीट उलटी करून ठेवली आणि तास संपेपर्यंत सरळ केलीच नाही."

मी या शहरात, टोरोंटोच्या स्कारबरो भागात, वीस वर्षांहून अधिक काळ राहते. आफ्रिकाकेंद्री शाळा, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास आणि संस्कृती मध्यभागी ठेवून शिकवणारी शाळा, असावी की नसावी हा वाद मी इथे पहिल्यांदा ऐकला तो २००८ साली. आज त्याच वादाबद्दल लिहायला बसले आहे ते त्या उलट्या ठेवलेल्या कागदामुळे.

२९ जानेवारी २००८ रोजी टोरोंटोच्या सार्वजनिक शाळा मंडळाने अशी एक शाळा काढायचं ठरवलं. ११ मतं बाजूने, ९ विरोधात. कॅरिबियन आणि आफ्रिकन कुटुंबांतली जवळपास ४० टक्के मुलं शाळा अर्धवट सोडतात, हा आकडा त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी होता. मागणी नवी नव्हती. प्रांताच्या शिक्षण आयोगाने १९९४ मध्येच अशा प्रायोगिक शाळांची शिफारस केली होती, ती चौदा वर्षं कागदावर पडून राहिली. शेवटी सप्टेंबर २००९ मध्ये नॉर्थ यॉर्क भागातल्या एका चालू शाळेच्याच इमारतीत काही वर्ग सुरू झाले. प्रवेश कुठल्याही वंशाच्या मुलाला खुला. तरी वर्तमानपत्रांतून, रेडिओवरून एकच शब्द कानावर आदळत होता : विभक्तीकरण. खुद्द ऑन्टारियोच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्याला ही कल्पना पसंत नसल्याचं सांगितलं. काळ्या मुलांना वेगळं बसवण्याचे दिवस मागे पडले, ते पुन्हा कशाला उकरून काढायचे, असा सूर होता. आणि हा सूर लावणाऱ्यांत कृष्णवर्णीय माणसंही होती, हे मान्य करायला हवं. त्यांच्या मनात राग होता, आणि त्या रागाला इतिहास होता.

तो इतिहास असा. ऑन्टारियोच्या १८५०च्या शाळा कायद्याने काळ्यांसाठी वेगळ्या शाळा काढायला मुभा दिली. कायद्यात शब्द मुभेचा होता, व्यवहारात ती हकालपट्टी झाली. गावच्या शाळेचे गोरे विश्वस्त दारातूनच सांगत, तुमची शाळा तिकडे आहे. ती 'तिकडची' शाळा कित्येक मैलांवर असायची, कधी पडकी, कधी शिक्षकाविना. ही तरतूद १९६४ पर्यंत कायद्यात होती. विधानसभेत निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय आमदार लेनर्ड ब्रेथवेट यांनी आपल्या पहिल्याच भाषणात तिच्यावर बोट ठेवलं, तेव्हा ती निघाली. तशा प्रकारची शेवटची शाळा बंद झाली १९६५ मध्ये. ज्यांच्या आईवडिलांनी हे भोगलं, त्यांना 'वेगळी शाळा' हे दोन शब्द ऐकून चटका बसणारच.

पण दार बंद करून हाकलणं एक, आणि आपणहून एखाद्या दारातून आत जाणं दुसरं. याच ऑन्टारियोत सरकारी पैशांवर चालणाऱ्या कॅथलिक शाळा आहेत. त्यांना १८६७च्या घटनेचं संरक्षण आहे. फ्रेंच भाषकांची स्वतंत्र शाळा मंडळं आहेत. टोरोंटोत मूलनिवासी मुलांसाठी शाळा आहे. समलिंगी विद्यार्थ्यांना त्रास होऊ नये म्हणून मंडळानेच १९९५ पासून एक वेगळा वर्ग चालवला आहे. यांतल्या कशालाही कोणी विभक्तीकरण म्हणत नाही. आणि आपलं काय? रविवारी सकाळी आम्ही मुलांना गाडीत घालून मराठी मंडळाच्या शाळेत नेतो, तिथे ती 'ळ' आणि 'ल' घोटतात, गुढी उभारतात. मुलं आपली भाषा, आपली मुळं विसरू नयेत, असं आम्ही अभिमानाने सांगतो. २००८च्या त्या हिवाळ्यात आमच्याच एका पॉटलकमध्ये, श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन, चांगली शिकलेली मराठी माणसं म्हणत होती, "त्या लोकांनी अभ्यास करावा, शाळा बदलून काय होणार?" मी तेव्हा गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

'वेगळी शाळा म्हणजे खालच्या दर्जाची शाळा' हे गृहीतक मनातून काढायचं असेल तर टोरोंटोपासून नैऋत्येला, चॅटम गावाजवळच्या बक्स्टनला जावं. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेल्या माणसांनी १८४९ मध्ये इथे वसाहत केली. विल्यम किंग नावाचा एक पाद्री स्वतःकडच्या पंधरा गुलामांना मुक्त करून सोबत घेऊन आला होता. दुसऱ्याच वर्षी शाळा निघाली. तिथे नांगर धरणाऱ्यांची पोरं लॅटिन आणि ग्रीक शिकत. शिकवणं इतकं चांगलं, की आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी आपली मुलं तिथे धाडली. १८६१ मध्ये बांधलेली एक शाळा अजून उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलगी तिथल्या बाकावर बसली, पाटीवर बोट फिरवलं. काळ्या मुलांसाठी काढलेली शाळा सगळ्यांना हवीशी वाटली, अशी ही या प्रांतातच घडलेली गोष्ट. फेब्रुवारीतल्या त्या भिंतीवर तिला जागा नव्हती.

तेव्हा अशी शाळा काढण्याचा हक्क मला मान्य आहे, पूर्णपणे. माझा खरा प्रश्न पुढचा आहे. त्या शाळेत, आणि कुठल्याही शाळेत, आफ्रिकेचा इतिहास म्हणून काय शिकवायचं?

१९६३ मध्ये ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी व्याख्यानात सांगितलं की आफ्रिकेला शिकवण्याजोगा इतिहास नाही, आहे तो तिथल्या युरोपियनांचा, बाकी सगळा अंधार. हे एका माणसाचं अज्ञान असतं तर सोडून दिलं असतं. पण हा अंधार कष्टाने निर्माण केलेला होता, आणि तो कसा केला हे पाहायचं असेल तर ग्रेट झिंबाब्वेची हकीकत पुरेशी आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं, अकराव्या ते पंधराव्या शतकातलं हे दगडी नगर. बाहेरचा तट सुमारे २५० मीटर घेराचा, काही ठिकाणी ११ मीटर उंच, आणि चुन्याचा एक थेंब न वापरता नुसते घडीव दगड एकावर एक रचलेले. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये तिथे पोचला. एका दारावरच्या लाकडी तुळईची ढलपी त्याने काढली, तिचा रंग आणि वास आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा आहे असं त्याला वाटलं. पेन्सिल देवदाराची. म्हणजे ही तुळई लेबननच्या देवदाराची. म्हणजे हा बायबलातल्या शेबाच्या राणीचा महाल! एका पेन्सिलीवरून त्याने शोना लोकांच्या पूर्वजांकडून त्यांचं नगर काढून घेतलं. लाकूड तिथल्याच झाडाचं होतं.

पुढचं अधिक वाईट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नेमलेल्या रिचर्ड हॉल या गोऱ्या अधिकाऱ्याने वरचे थर 'काळ्यांचा कचरा' म्हणून उपसून फेकले. खालचं 'प्राचीन, परकीय' नगर त्याला उघडं करायचं होतं. ज्या मातीत पुरावा होता तीच माती गेली. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी हे नगर आफ्रिकन लोकांचंच आहे असं शास्त्रशुद्ध उत्खननातून दाखवलं. तरीही ऱ्होडेशियाच्या (त्या देशाचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला ते पचलं नाही. जो देश आम्ही घडवला म्हणतो तिथे आमच्या आधी कोणी तट बांधले होते, हे कबूल केलं तर राज्य करायचा हक्कच डळमळतो. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने या दगडांचंच नाव घेतलं, ते उगाच नाही.

त्या नगरात भारतातून गेलेले काचेचे मणी सापडले आहेत, चिनी भांड्यांचे तुकडेही. म्हणजे ते जगापासून तुटलेलं, अंधारातलं गाव नव्हतं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्वा बंदरातून सोनं आणि हस्तिदंत निघायचं, मान्सूनच्या वाऱ्यावर स्वार होऊन आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे यायचं. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल-मसूदी आपल्या चौलला येऊन गेला आणि पूर्व आफ्रिकेचा किनाराही त्याने पाहिला. तिथला हस्तिदंत हिंदुस्थानात खंजिरांच्या मुठींना आणि बुद्धिबळाच्या सोंगट्यांना लागतो असं त्याने लिहून ठेवलं. अकराशे वर्षांपूर्वी दोन्ही किनारे एकमेकांना ओळखत होते.

इतकं खरं, सिद्ध झालेलं हाताशी असताना आफ्रिकाकेंद्री शिक्षणाच्या काही पुरस्कर्त्यांनी जी चूक केली, तिचं मला फार दुःख होतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या शाळा खात्याने शिक्षकांसाठी आफ्रिकन वारशावरचे लेख तयार करवून घेतले. ते इतर मोठ्या शहरांतही पोचले. त्यांतल्या विज्ञानावरच्या लेखात प्राचीन इजिप्तचे लोक ग्लायडरमधून उडत होते असं गंभीरपणे मांडलं होतं. आधार काय? सक्काराच्या एका थडग्यात १८९८ मध्ये सापडलेला लाकडी पक्षी, पंखांची लांबी वीतभर. दुसरीकडे असंही शिकवलं जाई की ॲरिस्टॉटलने आपलं तत्त्वज्ञान अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातून चोरलं. ते ग्रंथालय उभं राहिलं त्याच्या मृत्यूनंतर.

माउखची पेन्सिल आणि हा लाकडी पक्षी, दोन्ही एकाच जातीचे पुरावे आहेत. पहिल्याने मुलाकडून त्याचं खरं काढून घेतलं, दुसऱ्याने त्याच्या हातात खोटं ठेवलं. ज्या मुलाची एकदा फसवणूक झाली आहे त्याची आपल्याच माणसांनी दुसऱ्यांदा करावी, हे मला सहन होत नाही. ते मूल उद्या विद्यापीठात जाईल, तिथे कोणीतरी त्या ग्लायडरची दोन मिनिटांत वाट लावील, आणि मग त्याचा विश्वास मालीतल्या टिंबक्टू शहराच्या जुन्या हस्तलिखितांवरूनही उडेल, किल्वावरूनही उडेल. विरोधकांना तर असं एक उदाहरण पुरतं. १९९०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या वादात आफ्रिकाकेंद्री शिक्षणाच्या टीकाकारांनी हीच उदाहरणं पुढे करून अख्खी मागणीच धुडकावून लावली.

मला कल्पना आहे, आपल्याकडचा वाचक इथे मनात काय म्हणेल. वैदिक विमानं आपणही उडवून झालो आहोत. म्हणूनच तर मी हे ठामपणे सांगते. अपमानातून आलेली भूक खोट्याने भागत नाही, ती वाढते. आणि मग ती भूक राज्यकर्त्यांच्या कामी येते. ज्या झिंबाब्वेने आपलं नगर परत मिळवलं, तिथेच २००० नंतर सत्ताधारी पक्षाने 'देशभक्तीचा इतिहास' शाळांतून पढवायला घेतला, आणि पक्षाला विरोध म्हणजे देशाला विरोध असं समीकरण मुलांच्या गळी उतरवलं.

शिवाय अभिमानाच्या इतिहासाला राजे लागतात. आफ्रिकाकेंद्री अभ्यासक्रम काढून पाहा, फेरो आणि सम्राट यांची गर्दी. मालीचा मन्सा मुसा १३२४ मध्ये मक्केला जाताना कैरोत इतकं सोनं वाटत गेला की सोन्याचा भाव पडला, ही गोष्ट मुलांना आवडते, मलाही आवडते. पण जहाजात कोंबलेल्या माणसांत सम्राट किती होते? शेतकरी होते, लोहार होते, भात कांडणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या जहाजाआधीच्या आयुष्याला किंमत मिळायला त्यांच्या गावात पिरॅमिड असायलाच हवा का?

पश्चिम आफ्रिकेत माणसांनी स्वतःच्या रानटी भातापासून स्वतःचा तांदूळ पिकवला, आशियातल्या तांदळापासून न आलेला, फार जुन्या काळापासून. सेनेगलच्या दक्षिणेला आणि गिनी-बिसाऊत, जिथे समुद्राची भरती खाड्यांतून आत शिरते, तिथे जोला आणि बालांटा लोकांनी खारफुटी तोडून, चिखलाचे बांध घालून शेतं केली. पावसाने मीठ धुऊन काढायचं, ओहोटीला खारं पाणी बाहेर सोडायचं, मग लावणी. १५९४ मध्ये एका पोर्तुगीज व्यापाऱ्याने अशी शेतं पाहून लिहून ठेवली आहेत. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदरात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात, त्यांत 'तांदळाच्या किनाऱ्यावरून' आणलेली माणसं म्हणून खास उल्लेख असे. साऊथ कॅरोलिनाचे मळेवाले तांदळावर गडगंज झाले. त्यात आफ्रिकन ज्ञानाचा वाटा नेमका किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. कोणी जहाजांच्या नोंदी मोजतं, कोणी बांध आणि दारांची घडण तपासतं. मला हाच धडा हवा आहे. या धड्यात माणसं आहेत, त्यांची अक्कल आहे, आणि मुलांना पुरावा हातात घेऊन भांडायला जागा आहे. तिथल्या गल्ला नावाच्या समाजातल्या, म्हणजे त्या आफ्रिकन गुलामांच्या वंशजांतल्या, बायका आजही गवताच्या वेटोळ्यांच्या ज्या टोपल्या विणतात, त्या टोपल्यांचं मूळ भात पाखडण्यात आहे. वर्गात एक टोपली आणून ठेवली तरी अर्धा धडा झाला.

आता आपल्याबद्दल. महाराष्ट्रातल्या मुलाला शाळेत आफ्रिकन माणूस भेटतो तो बहुधा एकाच नावाने : सिद्दी. जंजिऱ्याचा सिद्दी, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जोहर. मी चौथीत होते तेव्हा सिद्दी हे आडनाव असावं अशी माझी समजूत होती. हे लोक समुद्रापलीकडच्या इथिओपियातून आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून आले, कित्येक जण विकले जाऊन आले, हे मला फार उशिरा कळलं. मलिक अंबर त्यांतलाच. लहानपणी विकला गेलेला मुलगा, बाजारामागून बाजार पार करत दख्खनमध्ये पोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१०च्या सुमारास वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी देणारा नहर त्याचा, जमीन महसुलाची घडी त्याची. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आफ्रिकेचा इतिहास दुसऱ्या कोणाचा, असं मराठी माणूस म्हणू शकत नाही. आपल्या महसुलाच्या शब्दांत तो मिसळलेला आहे.

आणि जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली? काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रसंघाकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. शाळेच्या पुस्तकात ज्याच्या पूर्वजांना जागा नाही, ते मूल कसं मिटून जातं, हे या माणसांना कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. त्यांचे फोटो मराठी मंडळाच्या भिंतीवर लावायचे आणि पॉटलकमध्ये 'ते लोक' म्हणायचं, हे एकत्र चालणार नाही.

टोरोंटोची ती शाळा सुरुवातीच्या वर्षांत चांगली चालली, प्रांताच्या चाचण्यांत तिने नावही मिळवलं. पुढे पट घटत गेला. काहींना त्यात कल्पनेचा पराभव दिसतो. मला वेगळं दिसतं. शहराच्या एका टोकाला एक शाळा काढून मंडळाने बाकी शेकडो शाळांची सुटका करून घेतली. स्कारबरोतल्या घानाच्या मुलीला दीड तासाचा बसप्रवास करून आपला इतिहास गाठायला सांगायचं, आणि तिच्या शेजारच्या मराठी, तमिळ, चिनी मुलींना तो कधी कळूच द्यायचा नाही, हा न्याय कसा? २०२४च्या फेब्रुवारीत ऑन्टारियो सरकारने सातवी, आठवी आणि दहावीला कृष्णवर्णीय कॅनेडियनांचा इतिहास सक्तीचा करण्याची घोषणा केली. स्वागतच आहे. पण तोही कॅनडातला इतिहास, म्हणजे पुन्हा जहाजानंतरचा. तिकडे फ्लोरिडात २०२३ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा उच्च पातळीचा अभ्यासक्रम सरकारने नाकारला आणि गुलामांना काही कौशल्यं शिकता आली, ती कधीकधी त्यांना उपयोगी पडली, असं शिकवायचे निकष मंजूर केले. भात पिकवणारे हात कौशल्य घेऊनच जहाजात चढवले गेले होते, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला हा धडा फसवू शकणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आफ्रिकाकेंद्री शाळा ज्यांना हव्यात त्यांना मिळाव्यात, पुरेशा पैशांनिशी आणि घराजवळ. आणि प्रत्येक शाळेत, ऑक्टोबरात किंवा एप्रिलमध्ये, कुठल्याही साध्या मंगळवारी, जहाजाच्या आधीचा एक धडा असावा. मी शाळेच्या पालक समितीत हे मांडलं. वर्गशिक्षिकेने मोकळ्या मनाने ऐकलं आणि पुढच्या सत्रात मुलांना जोडीने प्रकल्प करायला दिले.

माझी मुलगी आणि तिची मैत्रीण यांनी भातशेती घेतली. एका शनिवारी दोघी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. पडद्यावर गिनी-बिसाऊचा फोटो : चिखलाचे बांध, मधे चमकणारं पाणी, हातात कायेन्दो, म्हणजे लांब दांड्याचं, टोकाला लोखंड लावलेलं लाकडी फावडं घेतलेला माणूस. माझ्या सासूबाई पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावच्या, तेव्हा इथे आल्या होत्या. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर खारजमीन. कुणाची गं?" मुलीने सांगितलं, आफ्रिकेतली. सासूबाई मैत्रिणीकडे वळल्या आणि मराठीतच विचारायला लागल्या, माझी मुलगी भाषांतर करत होती. उधाणाला बांधाला खांड पडली तर बुजवायला कोण जातं, एकेकटं घर की सगळा गाव? उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, कशाची करतात, तिची राखण कोण करतं? मैत्रिणीने वही ओढून घेतली आणि प्रश्न एकाखाली एक लिहून काढले. उत्तरं तिच्याकडे नव्हती, तिच्या आईवडिलांकडेही नव्हती, ते घानातल्या शहरात वाढलेले. सोमवारी ग्रंथालयात जाऊ, असं दोघींचं ठरलं.